१००० यार्डांसाठी दुर्बीण: आधी काय बघायचं?

पहिला_शिक्का

नमस्कार मंडळी. ३०० मीटरपर्यंत पालथं पडून नेमबाजी करतो. आता एफ-टीआर (रायफल बायपॉडवर टेकवून लांब पल्ल्याची नेमबाजी) प्रकारात ६०० ते १००० यार्डांकडे वळायचं ठरवलं आहे. रायफल .३०८ विंचेस्टर, जड नळीची, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी. सध्या वर ४-१२×४० दुर्बीण (४ ते १२ पट, समोरचं भिंग ४० मिलिमीटर) आहे. तिला पॅरॅलॅक्सचं बटण नाही, कारखान्यातूनच १०० मीटरवर बसवून दिलेली आहे. टरेटवर (नेम वरखाली किंवा आडवा सरकवायच्या बटणावर) टोप्या आहेत, फिरवायचं तर आधी टोपी काढा, मग नाण्याने फिरवा. १००० यार्डांवर हे चालणार नाही एवढं मला कळतं.

नवी कोणती घ्यायची यावर जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो. कोणी म्हणतं ५५ पट मोठं दाखवणारी हवीच, कोणी म्हणतं २५ च्या वर सगळं वाया. टरेट एमओएचं (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) की मिलचं (अंतराचा हजारावा भाग)? रेटिकल (आतल्या नेमाच्या रेषा) पहिल्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे झूमच्या भिंगांच्या पुढे असावं, की दुसऱ्या, म्हणजे मागे? आणि काच किती चांगली हवी?

वजनाचीही अडचण आहे. एफ-टीआरला बायपॉड, दुर्बीण सगळं धरून ८.२५ किलोची मर्यादा. माझी रायफल बायपॉडसकट, पण दुर्बीण आणि रिंगा काढून, ७.४ किलो भरते. उरले ८५० ग्रॅम. त्यातच दुर्बीण धरणाऱ्या रिंगा आणि रायफल कलली का ते दाखवणारी बबल लेव्हलही बसवायची.

अनुभवी लोकांनी सांगावं.

पोलादी_ठणका

मित्रा, फार विचार करू नकोस. ५-२५×५६, दुर्बिणीची नळी ३४ मिलिमीटर, मिल टरेट, मिल रेटिकल, पहिला फोकल प्लेन. दशमान पद्धत आहे, डोक्यात हिशेब होतो. १०० मीटरवर ०.१ मिल म्हणजे १ सेंटीमीटर, १००० मीटरवर १० सेंटीमीटर, संपलं. पहिल्या प्लेनमुळे कुठल्याही झूमवर रेटिकलच्या खुणा खऱ्याच राहतात. मी लोखंडी टारगेटांच्या स्पर्धा खेळतो. एका फेरीत चार वेगवेगळी अंतरं येतात आणि घड्याळ चालू असतं. तिथे याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

मोजपट्टी

ठणकादादांचं त्यांच्या खेळासाठी अगदी बरोबर आहे. एफ-टीआरचा खेळ वेगळा. अंतर ठरलेलं, टारगेट एकच आणि त्यावरची वर्तुळं मिनिटांच्या हिशेबाने आखलेली. तुमच्या चारही प्रश्नांकडे येते, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो क्वचितच कोणी विचारतं. टरेट १० मिनिटं फिरवलं तर नेम खरोखर १० मिनिटं सरकतो का? आणि परत शून्यावर आणलं तर होता तिथेच येतो का?

माझं काम मापन प्रयोगशाळेतलं. मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज तपासायचे आणि त्यांना दाखला द्यायचा. त्यामुळे दुर्बिणीकडे मी पहिल्यापासून मापनाचं उपकरण म्हणूनच बघत आले. टारगेट दाखवणं हे तिचं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम कोन मोजून देण्याचं, आणि १००० यार्डांवर गुण त्यावर ठरतात. .३०८ ला १०० यार्डांच्या झिरोवरून (जिथे नेम तिथेच गोळी, अशा जुळणीवरून) १००० यार्डांवर जायला, गोळीचं वजन, वेग आणि हवा बघून, साधारण ३२ ते ४० मिनिटं चढवावी लागतात. आपण ३६ धरू. टरेट २ टक्के कमी देत असेल तर पाऊण मिनिटाच्या जवळपास फरक पडतो, म्हणजे १००० यार्डांवर साडेसात इंच. एफ-क्लासच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं आणि आतलं एक्सचं ५ इंचांचं. नेम मध्यावर, घोडा लोण्यासारखा सुटला, वारा बरोबर वाचला, तरी गोळी नवाच्या वर्तुळात.

आता यातला महत्त्वाचा भाग. हे २ टक्के दर वेळी २ टक्केच येत असतील तर मला त्यांची अजिबात काळजी वाटत नाही. वहीत लिहायचं आणि ३६ ऐवजी ३६.७ चढवायचं. आमच्याकडे असं उपकरण नापास होत नाही, दुरुस्तीचा आकडा लिहून वापरात राहतं. जे आज २ टक्के दाखवतं, उद्या अर्धा, आणि खाली आणून परत वर नेलं की तिसरंच काही, त्याला मात्र कुठलाच आकडा लागू पडत नाही. तेव्हा दुर्बीण निवडताना मी सगळ्यात आधी पुनरावृत्ती बघते, मग अचूकता, मग काच, आणि किती पट हे सगळ्यात शेवटी.

तपासायचं कसं? दुर्बीण रायफलवरून उतरवून एखाद्या जड लोखंडी ठोकळ्यावर रेल (दुर्बीण बसवायची पट्टी) लावून त्यावर पक्की आवळा, ठोकळा हलणार नाही अशा ओट्यावर ठेवा. समोर बरोबर १०० मीटरवर एक उभी फळी. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको, कारण १ मीटरचा फरक म्हणजे तिथेच १ टक्का गेला. फळीवर ओळंबा सोडून त्याच्या रेषेवर खुणा करा. १०० मीटरवर १ एमओए म्हणजे २९.१ मिलिमीटर, त्यामुळे ३० मिनिटांची खूण ८७.३ सेंटीमीटरवर येईल. रेटिकलचा मध्य खालच्या खुणेवर आणा आणि टरेट ३० मिनिटं फिरवा. वरच्या खुणेवर बसला पाहिजे. परत खाली आणा, परत वर न्या. मध्ये टरेटवर लाकडाच्या मुठीने हलके टोले द्या. झूम खालून वर फिरवा. पॅरॅलॅक्सचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. या सगळ्यात रेटिकलचा मध्य खुणेवरून हलता कामा नये. काही दुर्बिणी उभ्या रेषेत सरळ चढत नाहीत, चढता चढता बाजूला कलतात, तेही ओळंब्याच्या दोरीमुळे लगेच दिसतं. गोळी न झाडता हे सगळं होतं, म्हणून नेमबाजाच्या हाताची चूक यात मिसळत नाही. नंतर गोळ्या झाडून एकदा पडताळा घ्यावाच, कारण धक्का बसल्यावर आतले स्प्रिंग कसे वागतात ते ठोकळ्यावर कळत नाही.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. काही टरेटांवर एमओए लिहिलेलं असतं पण आतली चाल "१०० यार्डांना १ इंच" अशी असते. खरा एमओए १.०४७ इंच. फरक पावणेपाच टक्के. ३६ मिनिटांवर तो पावणेदोन मिनिटांच्या जवळ जातो, म्हणजे १००० यार्डांवर सुमारे १७ इंच. बॅलिस्टिक ॲपमध्ये (गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या) दोन्ही एककं असतात आणि बहुतेक लोक पहिलं दिसेल ते निवडतात. टरेट आणि ॲप एकच भाषा बोलतात का ते आधी बघा.

पॅरॅलॅक्स. तुमच्या आत्ताच्या दुर्बिणीवर हे छान समजेल. समोरच्या भिंगातून तयार झालेली टारगेटची प्रतिमा आणि रेटिकल एकाच पातळीत नसतील तर डोळा जरा सरकला की रेटिकल टारगेटवरून सरकताना दिसतं. ही चूक जास्तीत जास्त किती होईल याचा सोपा हिशेब आहे: समोरच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा, गुणिले दोन अंतरांमधला फरक, भागिले ज्या अंतरावर ती बसवली आहे ते अंतर. तुमचं भिंग ४० मिलिमीटर, बसवलेलं अंतर १०० मीटर, मारायचं १००० मीटरवर. २० गुणिले ९००, भागिले १००. उत्तर १८० मिलिमीटर. डोळा कडेला गेला तर १८ सेंटीमीटर, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या १२.७. गाल दर वेळी तंतोतंत त्याच जागी टेकला तर चूक दिसणार नाही, पण एका फेरीत वीस-बावीस गोळ्या झाडताना मान थकते. म्हणून बाजूला पॅरॅलॅक्सचं बटण हवंच, आणि ते दूरच्या टोकाला चिकटून नको, सावकाश फिरणारं हवं. ५०० यार्ड ते अनंत हा सगळा पल्ला बोटभर फिरण्यात संपत असेल तर नेमकं जागेवर आणणं जिकिरीचं होतं. बटणावर लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नका. आधी डोळ्याकडचं भिंग रिकाम्या आकाशाकडे बघून रेटिकल स्वच्छ दिसेपर्यंत लावा आणि नंतर त्याला हात लावू नका. मग टारगेटकडे बघत डोकं किंचित वरखाली करा आणि रेटिकल टारगेटवर स्थिर होईपर्यंत बटण फिरवा. प्रतिमा सगळ्यात स्वच्छ जिथे दिसते आणि पॅरॅलॅक्स जिथे शून्य होतो त्या दोन जागा एकच आल्या पाहिजेत. येत नसतील तर बहुधा डोळ्याकडचं भिंग नीट लागलेलं नाही.

किती पट? १५-५५ किंवा १०-६० घेतली तरी भर दुपारी तुम्ही ती ५५ वर चालवणार नाही. जमीन तापली की मृगजळ उकळायला लागतं आणि जितकी पट जास्त तितकी वर्तुळं जास्त नाचतात. मी बहुतेक वेळ २८ ते ४० च्या मध्ये असते. सकाळी हवा थंड असताना वर जाते, दुपारी खाली येते. आणखी एक आकडा ध्यानात ठेवा: समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५२ भागिले ५५, एक मिलिमीटरही भरत नाही. प्रतिमा अंधुक होते आणि डोकं जरासं हललं की काळोख. ३२ पटीची चांगली दुर्बीण तुम्हाला पहिली काही वर्षं कुठेच कमी पडणार नाही.

क्लिक. पाव मिनिटाची क्लिक १००० यार्डांवर २.६ इंच, अष्टमांश मिनिटाची १.३ इंच, ०.१ मिलची ३.६ इंच. एक्स ५ इंचांचा असताना ३.६ इंचांची पायरी मला मोठी वाटते. एमओए घ्या, पाव किंवा अष्टमांश. अष्टमांशात टरेटचे फेरे जास्त पडतात, तेव्हा कितव्या फेऱ्यात आहोत हे दाखवणारी खूण आणि झिरो स्टॉप (टरेट शून्यावर आपोआप अडवणारी सोय) असलेलंच घ्या.

फोकल प्लेन: तुमच्या खेळाला दुसरा. पहिल्या प्लेनमध्ये झूम वाढवला की रेषाही जाड होतात आणि मधला ठिपका एक्स झाकायला लागतो. दुसऱ्यात रेषा बारीकच राहते. खुणांचं मूल्य एकाच ठरावीक पटीवर खरं असतं हे मान्य, पण तुम्हाला खुणांची गरज कमी. समोर वर्तुळांचीच मोजपट्टी आखलेली आहे. वारा धरताना "उजवीकडे नवाच्या कडेवर" असंच म्हणतो आपण.

दुर्बीण बसवण्याबद्दल लिहायचं आहे, पण हाच प्रतिसाद फार लांबला. नंतर लिहिते.

खंदकातला

ताईंनी काचेबद्दल लिहिलं नाही. मला वाटतं काच सगळ्यात महत्त्वाची. मी अशी दुर्बीण शोधतोय जिच्यातून १००० यार्डांवर .३०८ चं भोक दिसेल. कितीची घ्यावी लागेल?

मोजपट्टी

कितीचीही घेतलीत तरी ते जमेल असं सांगता येणार नाही. .३०८ चं भोक फार तर ७.८ मिलिमीटरचं. १००० यार्डांवर ते पावणेदोन कोनीय सेकंदांचं दिसतं. ५२ मिलिमीटरच्या निर्दोष भिंगाचीही दोन जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची मर्यादा साधारण २.२ सेकंद आहे, आणि ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगस्वरूपाने घातलेली आहे. पट वाढवून ती ओलांडता येत नाही. वर मधली हवा उकळत असते. पांढऱ्या कागदावरचं काळं भोक शांत, थंड हवेत पुसटसं जाणवू शकतं, पण त्यासाठी दुर्बीण निवडू नये. तुम्ही स्वतः टारगेटांखालच्या खंदकात काम करता, तुम्हाला तर ठाऊक आहे की प्रत्येक गोळीनंतर भोकात चकती लावूनच टारगेट वर येतं. ती चकती आणि वर्तुळाची कड स्वच्छ दिसली की काचेचं काम झालं.

चांगल्या काचेची गरज मात्र खरी आहे, तुम्ही म्हणता ते मी खोडत नाही. कमी अपस्करणाची काच असली की काळ्या-पांढऱ्याच्या कडेला जांभळी किनार येत नाही आणि मृगजळातही कड कुठे आहे ते कळतं. दिवसभर बघून डोळा शिणत नाही. पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी टरेटच्या यंत्रणेत घालावेत. सुंदर दिसणारी आणि शून्यावर परत न येणारी दुर्बीण कशालाच उपयोगाची नाही.

मृगजळावरून एक सांगते. वारा वाचायला त्याच्यासारखं साधन नाही, पण ते रायफलच्या दुर्बिणीतून वाचायला जाऊ नका. मृगजळ नीट दिसायला फोकस टारगेटच्या थोडा अलीकडे आणावा लागतो आणि रायफलवर तसं केलं की पॅरॅलॅक्स बिघडला. शेजारी स्टँडवर वेगळी स्पॉटिंग स्कोप ठेवा, डाव्या डोळ्याला पोहोचेल अशी. १००० यार्डांवर .३०८ साठी आडवा वारा ताशी एका मैलाने बदलला तरी गोळी ७ ते ९ इंच सरकते. दुसऱ्या दुर्बिणीचा खर्च तिथेच वसूल होतो.

पोलादी_ठणका

ताई, एक मुद्दा माझ्या बाजूने मांडतो. दुसऱ्या प्लेनच्या दुर्बिणीत झूम बदलला की नेमाची जागा किंचित सरकू शकते, कारण रेटिकल झूमच्या भिंगांच्या मागे असतं. पहिल्या प्लेनमध्ये रेटिकल आणि प्रतिमा दोन्ही एकत्रच मोठी होतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. मृगजळामुळे तुम्ही फेरीच्या मध्येच ४० वरून २८ वर येता, तेव्हा काय?

मोजपट्टी

मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि म्हणूनच ठोकळ्यावरच्या चाचणीत झूम फिरवून बघायला सांगितलं. चांगल्या बनावटीत हे सरकणं मोजण्याइतकं नसतं. मोजण्याइतकं असेल तर ती दुर्बीण घेऊच नये. शिवाय फेरीच्या गुणांच्या गोळ्या सुरू झाल्यावर मी झूमला हात लावत नाही. सुरुवातीच्या साइटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या) गोळ्यांमध्ये काय ते ठरवते आणि तिथेच राहते. तुमच्या स्पर्धांत मात्र टारगेट शोधायला झूम खाली आणि मारायला वर, असं सारखं करावं लागतं, तिथे पहिला प्लेनच योग्य.

पहिला_शिक्का

मोजपट्टीताई, मनापासून आभार. पॅरॅलॅक्सचा १८ सेंटीमीटरचा आकडा वाचून रात्रभर तोच विचार करत होतो. आता दोन पर्याय समोर आहेत. एक वापरलेली ८-३२×५६, अष्टमांश एमओए, ३० मिलिमीटर नळी, विकणारे गृहस्थ ओळखीचे आहेत आणि तपासून बघायला द्यायला तयार आहेत. दुसरी नवीकोरी ५-२५×५६, मिल, ३४ नळी, सव्वा किलोच्या वर. मन नव्याकडे ओढतंय, पण वजन बसत नाही. आणि जाड नळीत जास्त प्रकाश येतो ना?

मोजपट्टी

नळीच्या जाडीने प्रकाश वाढत नाही, तो समोरच्या भिंगाने आणि त्यावरच्या थरांनी ठरतो. जाड नळीत आतल्या नळीला (टरेट जी सरकवतं तिला) वरखाली व्हायला जास्त जागा मिळते, म्हणून चढवायला जास्त मिनिटं मिळतात. एवढाच फायदा.

वजनाचा निकाल तुम्हीच लावलात. लोखंडी टारगेटांसाठी बनवलेल्या दणकट दुर्बिणी जडच असतात. व्होर्टेक्स रेझर जेन टू ४.५-२७×५६ जवळपास १.४ किलोची आहे, तर खास टारगेटसाठी बनवलेली नाइटफोर्स कॉम्पिटिशन १५-५५×५२ आठशे ग्रॅमच्या आत बसते. तुमच्या ८५० ग्रॅममध्ये रिंगाही आहेत, म्हणजे दुर्बीण ७०० च्या आसपासच शोधा. ती ८-३२ काट्यावर ठेवून बघा. कागदावरच्या वजनात टोप्या, सनशेड धरलेले असतात की नाही ते कळत नाही, आणि स्पर्धेत रायफल खऱ्या काट्यावर चढते.

वापरलेली दुर्बीण घ्यायला माझी हरकत नाही. उलट ती कशी चालते हे मोजून बघता येतं, ही फार मोठी सोय. आधी नळीवर जुन्या रिंगांचे वळ आहेत का बघा. फिकट खूण चालेल, पण बोट फिरवल्यावर खळगा लागला तर कोणीतरी स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळलेत आणि आतली नळी अडकण्याची शक्यता आहे. मग टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण मिनिटं मोजा. क्लिक सगळीकडे सारख्या लागल्या पाहिजेत, मध्येच मऊ पट्टा येता कामा नये. त्यानंतर ओळंब्याची चाचणी. क्लिक वरून खाली येताना आणि खालून वर जाताना एकाच जागी थांबतात का ते मुद्दाम बघा. थोडा ढिलेपणा निघाला तर नेहमी एकाच दिशेने आकड्यावर यायची सवय लावा, थोडं पुढे जाऊन मागे येत. मायक्रोमीटरच्या स्क्रूलाही आम्ही तसंच वागवतो.

आणि बसवण्याचं राहिलं होतं ते. पालथं पडल्यावर डोकं बसल्यापेक्षा पुढे जातं, म्हणून डोळ्याचं अंतर पालथं पडूनच ठरवा, आणि तेही जास्त पटीवर, कारण तिथे डोळ्याला जागा सगळ्यात कमी मिळते. रेटिकलची उभी रेषा ओळंब्याला लावा आणि त्याच वेळी बबल लेव्हल मध्यावर आणून आवळा. रायफल १ अंश कलली तर ३६ मिनिटांच्या चढावर ०.६३ मिनिट आडवं जातं, १००० यार्डांवर साडेसहा इंच. लोक त्याला वारा समजून वाऱ्याचं गणित बदलत बसतात. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत, समोरासमोरचे आळीपाळीने.

पहिला_शिक्का

काट्यावर ठेवली. दुर्बीण ७१०, रिंगा ११०, लेव्हल २०. एकूण ८४०! एकूण चढ टोकापासून टोकापर्यंत ६० मिनिटं भरला, क्लिक शेवटपर्यंत सारख्या. ओळंब्याची चाचणी रविवारी करणार. फक्त एक शंका. ६० मिनिटांमध्ये माझी ३६ आरामात बसतात, मग लोक सुचवतात ती उतरती (पुढे उतार दिलेली) रेल कशाला? आणि घ्यायचीच तर २० मिनिटांच्या उताराची की सरळ ४० ची?

मोजपट्टी

६० एकूण म्हणजे मध्यापासून वर ३० आणि खाली ३०. सपाट रेलवर १०० यार्डांचा झिरो साधारण मध्याजवळ येतो, म्हणजे वर जायला ३० च शिल्लक आणि तुम्हाला हवीत ३६. २० मिनिटांची उतरती रेल लावली की झिरो मध्याच्या २० खाली जातो, वर ५० मिळतात आणि खाली १० उरतात. ४० ची लावलीत तर झिरोसाठी ४० खाली जावं लागेल आणि आहेत ३०, म्हणजे १०० यार्डांवर झिरोच होणार नाही. तुमच्यासाठी २० चीच. शिवाय या हिशेबाने १००० यार्डांवर तुम्ही मध्याच्या १६ वर असाल. टोकाच्या फार जवळ गेलं की आतली नळी गोल जागेत एका कडेला जाते, वाऱ्यासाठी बाजूला फिरायची जागा कमी होते आणि प्रतिमेची कडही बिघडते. मध्याच्या जवळ राहणं केव्हाही चांगलं.

रेल बदलताना तिचंही वजन बघा, कारण तुमच्याकडे १० ग्रॅमच शिल्लक आहेत. सध्याची रेल पोलादी असेल तर ॲल्युमिनियमची घेतल्यावर थोडी सूट मिळेल.

रविवारी ३० मिनिटांवर किती सेंटीमीटर आले ते इथे लिहा, वर जाताना आणि खाली येताना दोन्ही. किमान पाच वेळा वरखाली करून प्रत्येक वाचन वेगळं लिहा, सरासरी काढू नका. मला सरासरीपेक्षा वाचनांमधला फरक बघायचा आहे.